बावीस जिभा, एक टाकी

"गोड झाली. अहो, खरंच गोड झाली," केकवाली म्हणाली आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या आम्ही एकवीस जणांनी एकदम आपापले फोन वर केले. माझ्या आत्याच्या वाइन कारखान्याच्या गोदामात, तीन नंबरच्या टाकीसमोर, दाटीवाटीनं उभे होतो आम्ही. कुणी प्रवासाचे व्हिडिओ करणारे, कुणी हॉटेलांना तारे वाटणारे, केकवाली केक करून दाखवणारी, आणि मी वाइनवर लिहिणारी. सगळ्यांना खास आमंत्रण होतं. अर्ध्या तासापूर्वी याच टाकीतली वाइन आम्ही चाखली होती आणि बाविसांची बावीस तोंडं वाकडी झाली होती. आता तीच वाइन मधासारखी लागत होती. मलाही.

"वाइन आंबत नाही, वाइन रुसते," कंपनगुरू म्हणाले. ऑनलाइन जगात त्यांना याच नावानं ओळखतात. पांढरा ढगळ सदरा, कॉलरला चिकटवलेला माइक आणि हातात कांस्याचा एक मोठा वाडगा. "हजारो लोकांनी या टाकीकडे पडद्यावरून पाहिलं. त्या नजरांची कंपनं आत साठली. आपण काय केलं? तिची समजूत काढली, बस्स."

समजूत काढण्याचा विधी असा. आधी आम्ही आंबट वाइन चाखायची. मग आमच्या डोळ्यांदेखत त्याच नळाखाली काचेची सुरई भरायची आणि ती बर्फात ठेवायची, कारण आंबलेल्या वाइनमधलं अग्नितत्त्व म्हणे शांत करावं लागतं. कोपऱ्यात धूप लावायचा. मग प्रत्येकाला एक लाल गोळी. "जिभेवर जुन्या शंकांचा थर असतो, ही गोळी तो विरघळवते. चावायची नाही. जिभेवर सगळीकडे फिरवायची आणि मौन पाळायचं." वाडगा घुमायला लागायचा आणि आम्ही बावीस शहाण्या माणसांनी डोळे मिटून गोळी चघळत उभं राहायचं.

खरं तर या भाषेला हसायचा मला काही अधिकार नाही. 'पहिल्या घोटात ओल्या पाटीचा गंध, शेवटी जुन्या पत्रांची हळवी आठवण' हे वाक्य माझंच आहे. ते मी एका विमानतळाच्या फरशीवर बसून, फोन चार्जिंगला लावून, ती बाटली न उघडता लिहिलं होतं. चार वर्षं हेच चाललंय. महिन्याला आठ-दहा गावं, तीच चाकांची बॅग, तेच पांढऱ्या चादरींचे पलंग. गरम जेवण कसं लागतं ते मी विसरून गेलेय, कारण फोटो मनासारखा येईस्तोवर ताट थंड झालेलं असतं. त्या दिवशीही मी इतकी थकलेली होते की चमत्कार झाला तर होऊ दे बाई, असंच वाटत होतं. एक तरी गोष्ट आपोआप नीट होऊ दे.

तीन नंबरच्या टाकीत आत्याचं अख्खं वर्ष होतं. दुपारी दोन वाजता बाटल्या भरायचं काम सुरू होणार होतं आणि संध्याकाळपर्यंत चार हजार बाटल्यांवर तिचं लेबल लागणार होतं. आत्यानं वीस वर्षांत एक खराब बाटली दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. आज चार हजार जाणार होत्या, आणि त्यांची वाहवा करायला तिची सख्खी भाची आली होती.

आणि टाकी बिघडली होती ती माझ्यामुळे. आता लपवून काय उपयोग? 'टाकीत डोकावू या' नावाची माझी एक मालिका होती. दर रविवारी झाकण उघडायचं, कॅमेरा आत धरायचा, एक सुरई काढायची, पेल्यात ओततानाचा आवाज टिपायचा. लोकांना फार आवडायचं. आत्या दोनदा म्हणाली होती, "अगं, झाकण सारखं उघडू नये. हवा जाते, वाइन आंबते." मी म्हटलं होतं, "पाचच मिनिटं, आत्या." चौदा रविवार मी तिला पाचच मिनिटं मागितली. वाइन आंबल्यावर मी मूग गिळून गप्प बसले आणि आत्यानंही विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यात तिनं कंपनगुरूंना बोलावलं.

सत्र संपल्यावर फोटोंची झुंबड उडाली. मला धुपाचा वास नकोसा झाला होता. वाइन चाखायच्या खोलीत आम्ही साधं अत्तर लावूनही जात नाही, आणि इथे भसाभस धूर. मी बाहेर आले.

अंगणात बाटलीवाल्या काकांचा ट्रक उभा होता. ट्रकमध्ये बाटल्या धुऊन, भरून, बूच मारायचं यंत्र. छोट्या कारखान्यांना असं यंत्र परवडत नाही, म्हणून काका गावोगाव ट्रक घेऊन फिरतात. ते पायरीवर बसून थर्मासमधून चहा ओतत होते.

"ये गं. चेहरा का असा पडलाय? घे, घोटभर चहा घे. दूध नाही हो, लिंबू पिळलेला आहे."

मी घोट घेतला. "काका, साखर कधीपासून सुरू केलीत?"

"साखर?" काका हसले. "दहा वर्षं झाली, डॉक्टरांनी साखरेच्या डब्याकडे बघायचीसुद्धा बंदी केलीय."

"पण हा तर पाकासारखा गोड आहे."

त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला, चाखला आणि माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "बाळ, तुला बरं वाटत नाहीये का?"

त्यांच्या डब्यात अर्धं लिंबू उरलं होतं. मी ते उचललं आणि सरळ चोखलं. संत्रं. उन्हात पिकलेलं, रसाळ संत्रं. मी लिंबू पुढे केलं. काकांनी जीभ लावली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "आंबट ढाण आहे की."

मग मला आठवलं, आणि स्वतःची लाजच वाटली. दूरच्या एका उष्ण मुलखात एक लाल बोर येतं. ते तोंडात घोळवलं की त्यातला एक पदार्थ जिभेवर बसतो, आणि पुढचा तास-दीड तास प्रत्येक आंबट गोष्ट गोड लागते. वाळवून त्याच्या गोळ्याही विकतात. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन त्याचं मोठं खूळ आलं होतं, लोक लिंबं खातानाचे व्हिडिओ टाकत होते. मीसुद्धा त्यावर एक लेख लिहिला होता. बोर कधी न चाखता, दुसऱ्यांचे दोन लेख समोर ठेवून. स्वतः चाखलं असतं तर आज पहिल्या मिनिटाला ओळखलं असतं.

"काका, टाकीतली वाइन चाखलीत तुम्ही?"

"सकाळीच. नळी लावायच्या आधी मी नेहमी चाखतो." ते जरा थांबले. "व्हिनेगरसारखी सॅलडवर ओतायच्या लायकीची आहे. तुझ्या आत्याला म्हटलं तसं. म्हणाली, दुपारपर्यंत सुधारेल. मी काय बोलणार? माल तिचा, लेबल तिचं. पण ही हात दाखवून अवलक्षण करून घेतेय, एवढं खरं."

मला खरोखर पळून जावंसं वाटलं. बॅग भरलेलीच होती. आत जाऊन बोलायचं म्हणजे आत्याचं हसं, माझं हसं, आणि शिवाय वाइन आंबली कशी हा प्रश्न आलाच. पण दोन वाजायला पंचवीस मिनिटं उरली होती. मी स्वयंपाकघरात गेले, व्हिनेगरची न उघडलेली बाटली घेतली, पाण्याचा जग घेतला आणि काकांना म्हटलं, "जरा माझ्याबरोबर चला. बोलायचं काही नाही, फक्त प्यायचं."

गोदामात कंपनगुरू कुणाला तरी मुलाखत देत होते. मी मध्येच बोलले. "गुरुजी, एक प्रयोग करायचाय. तुमची हरकत नसावी."

"कर, मुली. शंका हीसुद्धा एक आंबट कंपनच असते."

मी सगळ्यांसमोर बाटलीचं सील तोडलं, पाण्यात दोन-दोन चमचे व्हिनेगर घालून पेले भरले. "हे दुकानातलं व्हिनेगर. याला कुणी वाडगा ऐकवलेला नाही. घोट घ्या."

त्यांनी घेतला. "सरबत आहे हे," प्रवासवाला म्हणाला. केकवालीनं तर पेला रिकामा केला. कुजबुज सुरू झाली.

कंपनगुरूंचा चेहरा क्षणभरही हलला नाही, याबद्दल मी त्यांना मानते. "पाहिलंत? प्रभाव इतका प्रबळ होता की घरातलं व्हिनेगरही सुधारलं. या वास्तूच्या भिंतीसुद्धा आता गोड झाल्या असतील."

उचलली जीभ लावली टाळ्याला. भिंती चाटून बघायला दोघं तयारही झाले असते. मी तोच पेला काकांच्या हातात दिला. काकांनी मोठा घोट घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की पाठीवर थापटावं लागलं.

"यांना का नाही पोचलं कंपन?" मी विचारलं.

"यांची अजून तयारी झालेली नाही."

"मग करू या तयारी." बर्फाशेजारच्या ताटलीत गोळ्या उरल्या होत्या. मी एक उचलली. "काका, ही जिभेवर फिरवा. दोन मिनिटं. वाडगा वाजवायचा नाही, धूप नाही, डोळे उघडेच ठेवा. पाहिजे तर क्रिकेटचा स्कोअर बघा."

काका खरंच फोन काढून बघत बसले. दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा घोट घेतला, पेल्याकडे पाहिलं, अजून एक घोट घेतला. "ऐकताय का," ते म्हणाले, "हे चांगलं लागतंय. दहा वर्षांनी इतकं गोड प्यालो मी."

कुणीतरी फसकन हसलं. मी बोराची गोष्ट सांगितली, बर्फ आणि धूपही समजावले. आंबलेल्या वाइनचा वास नाकात चढतो. ती गार केली की वास दबतो, आणि उरला तर धुरात हरवतो. "वाइन होती तशीच आहे. बदलल्या त्या आपल्या जिभा. तासाभरात उतरेल. तोपर्यंत थांबा आणि पुन्हा चाखा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका."

"तासाभरानं मला दुसरं सत्र आहे," कंपनगुरू म्हणाले आणि वाडगा पिशवीत घालू लागले. सगळे थांबले नाहीत. पाच जण त्यांच्या मागे गेले, आणि जाताना ताटलीतल्या उरलेल्या गोळ्याही घेऊन गेले. प्रवासवाला मला म्हणाला, "हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालेल बघ." मला भांडायचीही ताकद नव्हती.

आत्या एवढा वेळ टाकीला टेकून उभी होती. तिनं चाखलं नव्हतं, गोळीही घेतली नव्हती. गर्दी अंगणात गेल्यावर मी तिच्याजवळ गेले.

"आत्या, आज सकाळी आंबटपणा मोजलास?"

"नाही."

वीस वर्षं रोज सकाळी काचेच्या नळ्या घेऊन प्रत्येक टाकी मोजणारी बाई. आकडा वहीत लिहिल्याशिवाय ती चहा घेत नाही.

"का नाही मोजलंस?"

"मोजलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली. "त्यानं सांगितलं, नजर लागली. ऐकून बरं वाटलं गं. नजर लागली म्हटलं की कुणाला काही म्हणावं लागत नाही. घरातल्या माणसाला तर नाहीच."

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझं नाव घ्यावं लागू नये म्हणून तिनं तो वाडगा घरात येऊ दिला होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. "झाकण मी उघडत होते, आत्या. तू सांगूनसुद्धा. वाइन माझ्यामुळे गेली."

"हो," ती म्हणाली. "गेली. आणि मीही तुला थांबवलं नाही, कारण तुझ्या व्हिडिओमुळे माणसं यायला लागली होती. दोघींनी मिळून घालवली." तिनं पदराऐवजी कामाच्या ॲप्रनलाच हात पुसले आणि बाहेर जाऊन काकांना सांगितलं की यंत्र परत न्या, या टाकीचं आता व्हिनेगर करायचं, आणि व्हिनेगर म्हणूनच विकायचं.

तीन वाजेपर्यंत बावीसपैकी सतरा जण थांबले होते. त्यांनी पुन्हा चाखलं. तोंडं पुन्हा वाकडी झाली. केकवाली मात्र पेला हातात धरून बसून राहिली. तिच्या आईला मधुमेह आहे आणि याच कंपनगुरूंकडून ती आईसाठी औषध आणणार होती, असं तिनं खाली मान घालून सांगितलं. "डॉक्टरांची गोळी बंद करा म्हणाला होता तो. पुढच्या सोमवारपासून." त्यानंतर कुणाला फारसं हसू आलं नाही.

मी लिहायला बसले तेव्हा आत्या शेजारी नळ्या धूत होती. मी म्हटलं, "फोटोत तुझा चेहरा धूसर करते. गोदामही ओळखू येणार नाही असं बघते. लोक काय म्हणतील कोण जाणे."

"काही धूसर करू नकोस," आत्या म्हणाली. "शिकलेली बाई, मोजायची साधनं हाताशी असून फसली, असं स्पष्ट लिही. फसलेले तोंड लपवतात, म्हणून तर फसवणाऱ्यांचं फावतं. आणि त्या मुलीच्या आईची गोळी बंद करू नका, हे सगळ्यात वर लिही."

मी ते सगळ्यात वर लिहिलं.