जुन्या पोथ्यांत नसलेली बाई

"बरोबर लिहिलेल्यावरून नातं कळत नाही," शांतवन म्हणाला, "नातं कळतं ते चुकीवरून."

वारूळवाडीच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात भिंतीवर त्यानं चार फोटो चिकटवले होते. काळपट पानं आणि त्यांवर मुंग्यांच्या रांगांसारखी बारीक ग्रीक अक्षरं. रविवारची उपासना संपली होती, चहा अजून उकळत होता, म्हणून माणसं बसून होती. शांतवन हा इथल्या जुन्या पाळकबाबांचा मुलगा. पुण्याला एका कॉलेजात ग्रीक शिकवायचा. मे महिन्यात घरी आला, की लोक त्याला चार शब्द बोलायला उभं करायचे.

सारजाबाई दाराशी बसली होती. एक डोळा बाहेरच्या स्टोव्हवर, एक कान आत. शांतवनला तिनं लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. तो काय बोलतो ते तिला फारसं कळत नसे. पण आवाज थेट बापाचा होता, आणि तो ऐकायला तिला बरं वाटे.

"चुकीवरनं नातं? ते कसं?" टेंपोवाल्या गोरखनं विचारलं.

"छापखाने नव्हते तेव्हा बायबलातली शुभवर्तमानं हातानं उतरवून घ्यायचे. उतरवताना एखादी ओळ सुटायची, एखादा शब्द बदलायचा. त्या पोथीवरून पुढची पोथी केली, की तीच चूक तिच्यात उतरायची. गेल्या साली नाही का, गोल टोमॅटोच्या वाफ्यात मध्येच लांबट जात निघाली? ज्यांच्या ज्यांच्या रानात निघाली, त्यांनी रोपं एकाच नर्सरीतून आणलेली."

"आमच्याच की!" सारजाबाई म्हणाली. ती त्या नर्सरीत ट्रे भरायला जायची. सगळे हसले. तीही हसली. शांतवनचं बोलणं आपल्याला समजलं याचं तिला कौतुक वाटलं.

"तसंच हे. या चार पोथ्या चार माणसांनी वेगवेगळ्या काळी लिहिल्या. पण चारींतही त्याच त्या खुणा. म्हणजे या एका घरातल्या. आणि या घराची मोठी खूण कोणती, ठाऊक आहे? व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट. आपल्याकडे ती योहानाच्या शुभवर्तमानात आहे. या घरात ती लूकमध्ये आहे. दुसरं एक घराणं आहे, त्यात ती योहानाच्या अगदी शेवटी, मागे टाकल्यासारखी."

"आन समद्यात जुन्या पोथ्या हायेत, त्यात कुठंशी हाय?" गोरख म्हणाला.

"त्यांत ती नाहीच."

शांतवन हे सहज बोलून गेला, वर्गात बोलत असेल तसं. "म्हणून तर ती अशी फिरते. मुळात तिची जागाच नव्हती. मागून कुणीतरी घातली, कुणी इथं, कुणी तिथं."

बाहेर चहा उतू गेला. सारजाबाईला वास आला, पण तिला पटकन उठता येईना.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. ती गोष्ट मात्र तोंडपाठ होती. बोरी बुद्रुकच्या ख्रिस्ती घरातल्या सयाजीशी तिचं लग्न झालं तेव्हा तो ट्रकवर असायचा, पंधरापंधरा दिवस घरी नसायचा. गावातल्या गिरणीवाल्याशी तिचं जे झालं ते खोटं नव्हतं, आणि तिनं ते कधी खोटं म्हटलंही नाही. सयाजीनं झिंज्या धरून तिला चार माणसांपुढं आणलं. तिचा दोन वर्षांचा सोपान सासूच्या कडेवर रडत होता. तो तिथंच राहिला आणि ती अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडली. जुन्नरला भावानं दार उघडलं नाही. पाळकबाबांनी प्रार्थनाघरामागची खोली दिली.

पहिल्या रविवारी ती सतरंजीवर बसली, तशा शेजारच्या बाया सरकून बसल्या. पाळकबाबांनी ते पाहिलं. नेमलेलं वाचन बाजूला ठेवून त्यांनी त्या बाईची गोष्ट वाचली. धोंडे घेऊन आलेली माणसं, ज्यानं कधी पाप केलं नसेल त्यानं पहिला धोंडा उचलावा असं येशूनं म्हटल्यावर एकेक करून निघून गेली. मग ती बाई आणि तो, दोघंच उरली. त्यानंही तिला दोष दिला नाही. जा म्हणाला. वाचन संपल्यावर म्हातारी कोंडाबाई उठली आणि सारजाबाईला खेटून येऊन बसली.

त्यावर सारजाबाईनं पुढचा सगळा जन्म काढला. बाजारात कुणी पाठीमागं कुजबुजलं की ती मनात म्हणायची, माझ्यासारखी एक होती आणि तिला सोडलं होतं. माझ्यासारखीलाच सोडलं होतं.

सगळे पांगल्यावर ती नळावर कपबशा विसळत बसली. शांतवन फोटोंची गुंडाळी काखेत मारून निरोप घ्यायला आला.

"शांतवन, ती बाई व्हती का न्हवती?"

"कोण गं मावशी?"

"तीच. आत्ता तू सांगितली ती."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "गोष्ट खोटी आहे असं नाही म्हटलं मी. खूप जुनी असेल, खरीही असेल. फक्त त्या पुस्तकात ती पहिल्यापासून नव्हती."

"मग घातली कुणी?"

"ते नाही कळत."

"चुकून घातली?"

"नाही, चुकून नाही. कुणाला तरी ती टाकवली नसेल…" बोलता बोलता तो थांबला. त्याच्या तोंडावरचा रंग बदललेला तिला दिसला. लहानपणी कानावर पडलेलं काहीतरी त्याला आठवलं असावं. त्यानं तिचा साबणाचा हात धरला. "मावशी, माझ्या ध्यानातच आलं नाही गं. हे बघ, दुसऱ्या एका जुन्या लेखातही अशीच एक बाई आहे. पुष्कळ आरोप झालेली."

"तिचं काय झालं?"

"तेवढं त्यात दिलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "जा आता. एस.टी. चुकंल तुझी."

त्याचा तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. शांतवन खोटं बोलणारा नव्हता, हेच तर दुखणं होतं. पाप तेवढं पहिल्यापासूनचं आणि माफी नंतर कुणीतरी घातलेली. ती बाई फिरत राहिली, या घरातून त्या घरात, आणि कुणाला तिला ठेवायला जागा सापडली नाही. गोष्ट अजून पाठ होती. पण मनात म्हणायला घेतली, की शेवटच्या वाक्याशी जीभ अडायची. हे वाक्य कुणाचं, असं वाटायचं.

पावसाळा तोंडावर आला तशी नर्सरीत गर्दी झाली. एक दिवस हिरव्या साडीतली एक तरणी बाई ट्रेच्या रांगेतून तिच्याकडे आली. पोटाशी तान्हं होतं.

"तुमी सारजाबाई ना? मी वृषाली. सोपानची मंडळी."

सारजाबाईचे हात ट्रेमध्ये तसेच राहिले. मातीनं भरलेले म्हणून तिनं बाळाला हात लावला नाही.

"येत्या रविवारी हिचा बाप्तिस्मा हाय. तुमी या."

"सोपाननं सांगितलं?"

वृषाली खाली बघायला लागली. "त्यांनी न्हाई. मी माझ्या मनानं आले. पर ते काय न्हाई म्हणायचे न्हाईत. पोरीला आजी नको व्हय?"

याच बोलावण्याची सारजाबाईनं किती वर्षं वाट पाहिली होती. सयाजी समोर आला तर काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलेलं होतं. "तुमच्यात ज्यानं पाप केलं न्हाई त्यानं बोलावं," एवढंच. भांडी घासताना, ट्रे उचलताना तिनं ते घोकलेलं होतं.

ती गेली. पोरीसाठी कुंची आणि झबलं घेतलं. बोरीला सोपानच्या दारात मांडव होता. बाप्तिस्मा होऊन गेला होता आणि पंगत बसत होती. वृषालीनं तिला बायांच्या ओळीत बसवलं, समोर पत्रावळ मांडली. भात वाढून झाला आणि सयाजी काठी टेकत ओळीशी आला. थकला होता, पाठीत वाकला होता, पण तिला त्यानं लगेच ओळखलं.

"हिला कुणी बोलावली?"

मांडवात वाढपी थांबले. पलीकडच्या ओळीत सोपान होता. त्याचं कपाळ तिच्या बापासारखं होतं, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. त्यानं मान वर केली नाही. भाताचा घास हातात तसाच धरून तो पत्रावळीकडं बघत राहिला.

सारजाबाईनं तोंड उघडलं. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिला वाटलं, यांच्यातला एखादा म्हणेल, असं कुठं लिहिलंय? मग तिनं काय सांगायचं होतं? तिनं तोंड मिटलं. पत्रावळ दुमडली, पदर सारखा केला आणि उठली. शेजारची बाई तिला वाट द्यायला सरकली.

वृषाली रस्त्यापर्यंत धावत आली. "आत्याबाई, थांबा की वं! मी बोलते मामांशी."

"नगं. ऊन लई हाय, पोरीला घेऊन आत जा." तिनं कुंची आणि झबल्याची पुडी सुनेच्या हातात दिली. बाळ झोपलेलं होतं. तिनं नुसतं बघून घेतलं.

फाट्यावर नारायणगावची जीप भरत होती. ती मागच्या बाकावर कोपऱ्यात बसली. ड्रायव्हरनं आरशातून बघत विचारलं, "कुणाकडं पावण्या आल्ता, मावशी?"

"कुणाकडं न्हाई," ती म्हणाली.

पुढच्या थांब्यावर एक बाई चढली. दोन पिशव्या, कडेवर तापानं मलूल झालेलं पोर, टेकायला जागा नाही. "धरा वं जरा," म्हणत तिनं ते पोर सारजाबाईच्या मांडीवर दिलं आणि दांडीला धरून उभी राहिली. पोरानं परकं माणूस म्हणून रडं काढलं नाही. तिच्या दंडावर डोकं टेकून ते झोपी गेलं.

जीप खड्ड्यांतून उसळत होती. सारजाबाईनं त्याचं डोकं तळव्यानं धरून ठेवलं. पायाला मुंग्या आल्या, तरी पाय हलवला नाही. नारायणगावला त्याच्या आईनं त्याला उचलून घेतलं, पिशव्या सावरल्या आणि दवाखान्याच्या दिशेनं घाईनं निघून गेली. सारजाबाईच्या दंडावर पोराच्या घामाचा ओला डाग होता. तो वाळेपर्यंत ती जीपमध्येच बसून राहिली, आणि ड्रायव्हरनंही तिला उतरायला सांगितलं नाही.