ऑलरकोमच्या सूर्यघड्याळाचा संताप

मित्रांनो, मी एक जुनं सूर्यघड्याळ आहे आणि मी संतापलेलो आहे. सांगता सांगता माझा राग निवळेल, अशी आशा ठेवू नका.

इंग्लंडमधल्या ऑलरकोम हाऊस नावाच्या हवेलीच्या बागेत, गुलाबांच्या मधोमध, दगडी खांबावर मी बसलो त्याला पावणेतीनशे वर्षं झाली. जेरेमाया टल्क नावाच्या कारागिरानं माझी पितळी तबकडी घडवली, आकडे कोरले, वर तिरकं पातं बसवलं. माझी दिशा नेमकी लावायला त्याला तीन दिवस स्वच्छ ऊन हवं होतं. ते मिळायला सहा आठवडे लागले. टल्क रोज यायचा, ढगांना शिव्या हासडायचा आणि परत जायचा. पण अंदाजपंचे काम त्यानं केलं नाही.

पुढं कितीतरी वर्षं माझी सावली बघून हवेलीतली घड्याळं लावली गेली, माळ्यांच्या जेवणाची घंटा वाजली. नंतर रेल्वे आली, तिच्यासाठी देशभर एकच वेळ ठरली आणि मला कुणी विचारेनासं झालं. कौतुक करणाऱ्यांनी घासून घासून माझा सातचा आकडा पुसट केला. महायुद्धात अन्न कमी पडलं म्हणून हिरवळ खणून बटाटे लावले, तेव्हा माणसं माझ्या पात्यावर कोट अडकवायची. तेही मी सोसलं. वेळ मात्र कधी चुकवली नाही.

मग मुख्य माळीण म्हणून हेस्टर ॲपलगार्थ आली. एकतीस वर्षं तिनं मला फक्त ओल्या मऊ फडक्यानं पुसलं. "काय म्हातारबुवा, आज ऊन दिसतंय का?" असं रोज विचारायची. माझं फार छान चाललं होतं.

इथली माणसं मार्चअखेर आपली घड्याळं तासभर पुढं करतात आणि ऑक्टोबरअखेर मागं आणतात. सूर्य तसं करत नाही, म्हणून उन्हाळाभर मी त्यांच्याहून एक तास मागं असायचो. पाहुण्यांनी नाक मुरडलं की हेस्टर सांगायची, "एक तास मिळवा, झालं!"

एका मे महिन्यात बर्ट्रम टिस्डल नावाचे गृहस्थ बाग बघायला आले. माणसांच्या घड्याळात साडेचार झाले होते, पण माझ्यावर साडेतीन वाजलेले बघून ते निवांत तळ्याकडे गेले. परतले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि बागेतलं चहाघर बंद झालं होतं. त्यांचा चहा हुकला, साय आणि जॅम लावलेला स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा गोडसर पाव, हुकला. त्यांनी तीन पानी तक्रार लिहिली.

आता, इथल्या लोकांच्या पायावर तुम्ही पाय दिलात तरी माफी तेच मागतात. या सवयीनं माझा घात केला. त्या गृहस्थांना समजावून सांगायचं सोडून व्यवस्थापक फिलिपा क्रूम यांनी माफी मागितली आणि घड्याळ दुरुस्त करण्याचा शब्द देऊन टाकला!

"हेस्टर, थोडंसं फिरवायचंय फक्त," त्या म्हणाल्या.

"फिरवलंत तर भरदुपारी कसंबसं जुळेल, सकाळ-संध्याकाळ चुकेल. आणि ऑक्टोबरात काय करणार?"

"तेव्हा पुन्हा फिरवू. पाहुण्यांना किती वाईट वाटलं, बघा ना."

"मग त्यांना दोन स्कोन पाठवा! सूर्य काय आपल्याकडे नोकरीला आहे?"

"तुम्ही उगाच चिडताय."

"चिडणारच! अहो, ते बरोबर चालतंय. माझ्या हातून हे पाप होणार नाही."

जूनमध्ये हेस्टर निवृत्त झाली. पुढच्याच आठवड्यात दोन कामगारांनी मला फिरवलं आणि पुन्हा हलायला नको म्हणून खाली सिमेंट भरलं. टल्कनं सहा आठवडे घेतले होते. यांना वीस मिनिटं पुरली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. सगळी घड्याळं मागं गेली. मी सिमेंटमध्ये.

त्या रविवारी हेस्टर तिकीट काढून पाहुण्यांच्या रांगेतून आत आली. मला बघताच तिचा चेहरा लाल झाला. पिशवीतून तिनं पाना काढला आणि माझ्या बोल्टला लावून जोर केला. तो तसूभर हलला नाही. तिनं पुन्हा जोर लावला, तेवढ्यात बिल्ला लावलेली एक तरुण मुलगी धावत आली.

"माफ करा हं, मॅडम, पण हात नका ना लावू. फार जुनी वस्तू आहे."

"मला सांगतेस?" एवढंच हेस्टर म्हणाली. पाना पिशवीत टाकून ती गेली, ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना फक्त पुसलं, जपलं, कुंपण घातलं म्हणजे काळजी घेतली असं होत नाही. ती वस्तू काय काम करते, हे आधी समजून घ्या. ती तुमच्याशी जुळली नाही, तर बिघडली असं ठरवून तिचा गळा धरू नका. आणि जिला ती कळते, तिचं ऐका.

आज लख्ख ऊन पडलं आहे. माझ्याभोवती माणसं हसत फोटो काढताहेत आणि मी त्यांना धडधडीत खोटी वेळ सांगतो आहे.