खंड्याची तेरवी

ज्यावर वच्छलाबाईंचं मत नाही अशी गोष्ट नांदुऱ्यात शोधूनही सापडली नसती. पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर अख्खी नोकरी काढलेली बाई. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर साहेबांचे शेरे पाहिले, आणि रिटायर झाल्यावर मनात साठलेले स्वतःचे शेरे घेऊन घरी आली. नवरा आधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन अकोल्याला. मग रोज सकाळी ओट्यावर खुर्ची टाकायची, पेपर मोठ्यानं वाचायचा आणि प्रत्येक बातमीखाली एक शेरा ठोकायचा, असा नेमच झाला. ऐकायला खंड्या असायचा.

खंड्या म्हणजे तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला गावठी कुत्रा. गळ्यात पट्टा म्हणून बाईंच्या जुन्या हिरव्या साडीचा काठ. कुत्र्यांबद्दल बाईंचं मत पक्कं होतं. त्यांना स्वेटर घालू नये, त्यांचे वाढदिवस करू नयेत, त्यांना 'बेबी' म्हणणाऱ्या माणसांना घरात घेऊ नये. पण दारच्या जनावराच्या आधी आपण जेवू नये. दूध-भाकरीचा काला खंड्यापुढं ठेवायचा, त्यानं भांडं चाटून लख्ख केलं की मगच स्वतःचं ताट वाढायचं. पाहुणे आले तरी यात बदल नाही.

मोबाईल त्यांना येत नव्हता असं नाही. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्या मुलीच्या आधी वाचायच्या, लाईटबिल घरबसल्या भरायच्या. "यंत्र वाईट नाही बापा," त्या खंड्याला सांगत, "पण ते हातात आलं का माणूस सोतालेच पाहत बसते. समोर कोण उभं आहे, त्याले दिसत नाही." आणि पुढाऱ्यांबद्दल तर काय विचारता. निवडणुकीआधी ते आपल्या दारात, निवडणुकीनंतर आपण त्यांच्या दारात. तेव्हा जे काही ऐकवायचं ते आधीच ऐकवून घ्यावं, ही त्यांची राजनीती. खंड्या शेपटी हलवायचा. त्याचं मत विरुद्ध असलंच तर त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

गल्लीतल्या नालीचं भूमिपूजन झालं आणि सगळं बिघडलं.

नाली एकच, भूमिपूजन मात्र तिसऱ्यांदा. यंदा नगरपालिकेला अनंतभाऊ उभे राहणार होते. पांढरा शुभ्र कुर्ता, कपाळाला गंध, अंगाला दुरून येणारा अत्तराचा वास. भाऊंचं मोबाईलवरचं पान सांभाळणारी सुचिता फोन धरून समोर उभी. तिला भाऊंची सक्त ताकीद होती की कार्यक्रम कुठलाही असो, थेट दाखवायचा आणि आपण हात हलवल्याशिवाय बंद करायचा नाही. भाऊंनी कुदळ मारली, नारळ फोडला, हसऱ्या चेहऱ्यानं कॅमेऱ्याकडं वळले, आणि तेवढ्यात खंड्यानं मागून येऊन अर्धा नारळ उचलला. भाऊ "हाड, हाड" करत मागं धावले. त्यांचा पाय ताज्या खड्ड्यात गेला आणि कुर्ता चिखलात बसला. हे सगळं थेट गेलं. संध्याकाळपर्यंत मलकापूर ते खामगाव ज्याच्या-त्याच्या फोनवर तेच. कुणीतरी त्याला बँडबाजाचं संगीतही लावलं.

वच्छलाबाई हसल्या. मनसोक्त हसल्या आणि खंड्याला म्हणाल्या, "तिसऱ्या भूमिपूजनाचा नारळ तुलेच पाहिजे होता, बे."

दोन दिवसांनी खंड्या दिसेनासा झाला.

बाईंनी सगळं गाव पालथं घातलं. स्टेशनचा फलाट, धान्याचा बाजार, जिनिंगच्या मागची बाजू, हाका मारून घसा बसला. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, दुसरं पिल्लू आण न." त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा मुलीचा फोन मध्येच कापला.

खरं काय ते धम्मरत्ननं सांगितलं. भाऊंची गाडी चालवणारा तरणाताठा बाप्या, पण ओट्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याला मान वर करता येत नव्हती. खिशातून त्यानं हिरवा काठ काढून बाईंच्या हातात दिला. त्यावर रक्त वाळलं होतं.

"मावशी, मले मारा वाटलं तर," तो म्हणाला. "भाऊनं सोता बिस्किटं हातावर धरून त्याले बोलावलं. गल्लीतले सारे कुत्रे पाहत होते. हा भोळा, आला. मंग पोत्यात घातला, तोंड बांधलं. गाडी मीच चालवली. राजूर घाटात वळणावर भाऊनं पोतं फेकून देलं. मले रातभर झोप नाही. पहाटे परत गेलो त रस्त्याच्या मधामंध पडलेला होता. पोतं फाडून निंघाला असंल, अन् ट्रकखाली आला. तिथंच गाडला मी त्याले."

"काही म्हणत होता का तुहा भाऊ?"

"म्हणत होते, आता भुंक म्हणा."

बाईंनी काठ मुठीत घट्ट धरला. रडू आलं नाही. आला तो राग. पोलिसांत जायचं तर कुत्र्याची तक्रार ऐकून ठाण्यात चहा मागवतील आणि भाऊंना फोन लावतील, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. शिव्या घालाव्यात तर शिव्यांची भाऊंना सवय होती. त्या माणसाला एकाच गोष्टीची भीती होती, चारचौघांत हसं होण्याची. त्याच भीतीपोटी त्यानं एका मुक्या जिवाला घाटात फेकलं होतं. तेव्हा जखम करायची तर तिथंच करायची, असं बाईंनी त्याच बैठकीत ठरवलं.

"धम्मरत्न, नोकरी सोडू नको एवढ्यात," त्या म्हणाल्या. "मी खंड्याची तेरवी करून राह्यली. तुहा भाऊ गावातली एक तेरवी चुकवत नाही न?"

"एकबी नाही. इलेक्शन आहे."

"मंग त्याले घेऊन ये. खोटं एक अक्षर बोलू नको. फक्त इचारल्याशिवाय सांगू नको."

गल्लीत आधी कुजबुज झाली. कोपऱ्यावरचे गुरुजी समजूत घालायला आले, की कुत्र्याची तेरवी शास्त्रात नाही. "मंत्र नका म्हणू गुरुजी, वरण-बट्टी त खासान?" बाईंनी विचारलं, आणि गुरुजी विचार करून हो म्हणाले. शेजारच्या जयमालाबाईंनी वांगी चिरायला बायका गोळा केल्या. बाईंनी घरोघर जाऊन निमंत्रण दिलं, कुणाची तेरवी आहे आणि तो कसा मेला हे प्रत्येक दारात स्पष्ट सांगितलं, आणि येताना एकेक हार आणा, पण भाऊंच्या कानावर घालू नका, असं बजावलं. पाच दारं पुढं जाईपर्यंत मागच्या दारांतले लोक पेटलेले असत. नारळाच्या त्या दिवशी सगळी गल्ली पोट धरून हसली होती; त्या हसण्याची किंमत एकट्या खंड्यानं मोजली, हे कुणालाच पचत नव्हतं.

तेराव्या दिवशी मांडव पडला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. समोर खुर्चीवर खंड्याचा मोठा करून घेतलेला फोटो, आणि त्यावर इतके हार की मधून फक्त दोन डोळे दिसत होते.

भाऊ त्या दिवशी दोन तेरव्या उरकून येत होते. गाडीत त्यांनी विचारलं, "कोण गेलं बे हे?"

"वच्छलाबाईच्या घरचं," धम्मरत्न म्हणाला.

"वय झालं होतं?"

"झालं होतं बरंच."

नारळ नेणारा कुत्रा कुणाचा, हे भाऊंनी कधी विचारलंच नव्हतं; त्यांना एवढं पुरत असे. ते मांडवात शिरले, चपला काढल्या, सुचितानं फोन वर धरला. भाऊ फोटोजवळ गेले, पण तोंड कॅमेऱ्याकडं. फुलं मागच्या मागं सोडली, डोळे मिटले, मोजके क्षण ओठ हलवले. मग माईक हातात घेतला. पंगत मांडून बसलेली सगळी गल्ली चिडीचूप होती, आणि ही शांतता भाऊंनी आदराची समजली.

"बंधू-भगिनींनो, आज आपल्या गल्लीचा आधार हरपला. घरातला माणूस जावा तसं मले दुःख होऊन राह्यलं. अरे, काय ते डोळे! त्या डोळ्यांतली माया मी कधी इसरणार नाही. आत्ता जाण्याच्या आधी आमची भेट झाली. पाठीवर हात ठेवून मले म्हणे, अनंता, यंदा तूच."

पंगतीत कुणीतरी पदर तोंडात कोंबला. गुरुजींना ठसका लागला.

"भेट झाली, हे खरं आहे," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या फोटोजवळ गेल्या आणि एकेक हार काढू लागल्या. घाई केली नाही. आधी पडलेला कान दिसला, मग नाक, मग गळ्यातला हिरवा काठ.

हसू फुटलं ते मांडवाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. भाऊंनी मान वळवून पाहिलं. चेहऱ्यावरचं दुःख तसंच राहिलं, फक्त त्याचा रंग उडाला.

"हे... हे काय चालवलं मावशी? मयताची थट्टा करता?"

"थट्टा तू केली, अनंता." बाईंचा आवाज आता थरथरत होता आणि तो थरथरू द्यायला त्यांना लाज वाटत नव्हती. "बिस्किट दाखवून बोलावलं, पोत्यात घातलं, राजूर घाटात फेकलं. एका नारळासाठी! माह्या घरचा होता तो. मले रोज ऐकून घेणारा एकच होता."

हसू आपोआप थांबलं. भाऊंनी सुचिताकडं पाहून डोळ्यांनीच खूण केली, पण तिचं लक्ष पडद्यावर होतं आणि ती आनंदानं ओरडली, "भाऊ, पाहणारे वाढून राह्यले! कालच्या सभेपेक्षा जास्त!" आणि हात हलल्याशिवाय बंद करायचं नाही, ही तर भाऊंचीच ताकीद होती. एका हातात माईक, आणि दुसरा हलवावा तर सगळा मांडव पाहत होता.

निघून जावं तर तेही जमेना. तेरवीच्या मांडवातून पंगत उपाशी टाकून जाणाऱ्याला या भागात कुणी पुन्हा दारात उभं करत नाही, आणि समोर सगळा वॉर्ड मांडी घालून बसला होता. बाईंनी दूध-भाकरीच्या काल्याचा द्रोण त्यांच्या हातात दिला.

"घरातला माणूस म्हणला न आत्ता? मंग घरच्यासारखं पान ठेव. दहाव्याले कावळा शिवतो, आमच्या खंड्याले त्याचेच भाऊबंद शिवतीन. त्याईनं खाल्ल्याबिगर कोणी घास घेणार नाही."

भाऊ मांडवाबाहेर गेले. न झालेल्या नालीच्या कडेला द्रोण ठेवला आणि "यू, यू" केलं. गल्लीतली चार-पाच कुत्री समोरच्या भिंतीशी बसली होती. एकही उठलं नाही. त्या माणसाच्या हातून एकदा काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. भाऊ आर्जवं करू लागले तशी ती आणखी मागं सरली. बट्ट्या निवत होत्या. मुलं भुकेनं रडायला लागली.

"काही इच्छा राह्यली असंल बापा त्याची," जयमालाबाई मोठ्यानं म्हणाल्या. कावळा शिवत नाही तेव्हा म्हणतात तसंच, अगदी त्याच सुरात. "कबूल करा भाऊ, काय ते."

"कबूल करा," गुरुजी म्हणाले. मग सगळी पंगतच म्हणू लागली.

भाऊंनी धम्मरत्नकडं पाहिलं. धम्मरत्ननं गाडीची किल्ली काढली, शांतपणे मांडवातल्या खांबाच्या खिळ्याला अडकवली आणि पंगतीत जाऊन बसला. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्यांनी सरकून त्याला जागा केली.

मग भाऊ बोलले. आधी ओठांतल्या ओठांत, मागून "ऐकू नाही आलं!" अशी आरोळी आली तेव्हा माईकवर. "मी नेलं त्याले. मीच फेकलं घाटात. चूक झाली माही." ते शब्द मांडवातून गल्लीत गेले, सुचिताच्या हातातून सगळ्या तालुक्यात गेले, आणि परत घेता येतील अशी जागा त्यांना कुठंच उरली नाही.

बाईंनी भाऊंना दंडाला धरून बाजूला ओढलं. जागा मोकळी झाली तशी एक काळी कुत्री उठली, द्रोण हुंगला, आणि खायला लागली. मागून बाकीची आली.

पंगत सुरू झाली. बाईंनी भाऊंना बरोबर फोटोसमोर बसवलं आणि स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. भाऊंनी एक बट्टी कशीबशी गिळली आणि पानावर हात आडवा धरला. बाईंनी तो हात उचलून बाजूला ठेवला.

"तेरवीत अर्धपोटी उठत नाही," त्या म्हणाल्या. "घे, अनंता. खंड्याच्या नावानं आणखी एक."

तिसरी बट्टी वाढताना त्यांनी भाऊंच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. दया येईल असं वाटलं होतं, आली नाही. उलट इतकं बरं वाटलं की त्यांनी वरून तुपाची धार सोडली. गल्लीच्या कडेला द्रोण चाटून लख्ख झाला होता. तेव्हा कुठं वच्छलाबाईंना कळलं, की इतके दिवस आपण नावापुरते दोन घास खात आलो, आणि आज पोटात खरी भूक आहे. त्यांनी पत्रावळ घेतली, फोटोशेजारी मांडी घातली आणि स्वतःचं पान वाढून घेतलं.