उंबरटेकची खानेसुमारी

चिठ्ठी उघडली आणि चैत्राली जोरात ओरडली, "नाऊरू? हे काय कुणाच्या कुत्र्याचं नाव आहे का?"

अख्खी नववी ब हसली. सौदामिनी मॅडमनी डस्टर आपटला. फळ्यावर त्यांनी आधीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'उष्ण कटिबंधातील एक छोटे बेट. भूगोल, लोक, अर्थव्यवस्था, शासन.' डिसेंबर अखेरच्या प्रदर्शनात प्रत्येकीनं एक बेट मांडायचं होतं. पाहुणे येणार होते, बक्षीस मिळणार होतं, आणि मुख्य म्हणजे माईक असणार होता. गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून चैत्रालीला माईक दिसला की राहवत नसे. त्याआधी ती वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायची, हे आता कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं घरून लिहून आणलेला कागद शेजारच्या प्रांजलला वाचून दाखवायला घेतला.

"ऐक ना! एकवीस चौरस किलोमीटर. अख्खा देश! माणसं साधारण बारा हजार. अगं, आपल्या भोरात यापेक्षा जास्त लोक आहेत! आणि यांना राष्ट्राध्यक्ष आहे, संसद आहे, आणि ठरलेली अशी राजधानीच नाही. जमिनीतलं खत खणून विकलं, श्रीमंत झाले, आणि मग खतच संपलं. तुला धक्का नाही बसला?"

प्रांजल ढेबे भाकरी मोडत होती. ती वसतिगृहात राहायची, मोजकं बोलायची.

"आमच्या बेटावर एकोणचाळीस," ती म्हणाली.

"एकोणचाळीस काय?"

"माणसं."

चैत्रालीचा घास हातातच राहिला. गेली दीड वर्षं जी मुलगी तिच्या बाकावर बसत होती, जिच्या डब्यातलं लोणचं ती रोज पळवत होती, ती एका बेटावर राहत होती! प्रांजलला यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. वेळवंडीच्या खोऱ्यात धरणाचं पाणी चढलं की त्यांच्या उंबरटेकाभोवती चारी बाजूंनी पाणी होतं. श्रावणात वाट बुडते ती शिमग्याला वर येते. तोवर ये-जा होडीनं.

"आणि तुमचं सरकार?" चैत्रालीनं गमतीनं विचारलं.

"हाय की. बयाआजी."

झालं. नाऊरूची चिठ्ठी चैत्रालीनं पुढच्याच तासाला परत केली. मॅडमनी मोबाईलवर नकाशा उघडून पाहिला. निळ्या पाण्यात एक हिरवा ठिपका, नाव नाही, काही नाही.

"घे, पण माहिती खरी हवी," मॅडमनी बजावलं. "मनानं काही घातलंस तर प्रकल्प बाद. मग रडत यायचं नाही."

"मी आणि रडणार? मॅडम, तुम्ही मला ओळखलंच नाही!"

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी एसटीत बसल्या. खिडकीशी बसून चैत्राली वहीवर रंगीत पेनांनी मथळे काढत होती. उतरायची वेळ आली तशी प्रांजल हळूच म्हणाली, "वही हितंच ठेवावी लागंल."

"का बरं?"

"वहीवाल्याला आमच्यात होडी न्हाई."

चैत्रालीला वाटलं, ही थट्टा करतेय. पण प्रांजलनं खरंच वही घेतली आणि थांब्यावरच्या चहाच्या टपरीत ठेवायला दिली. काठावर उभं राहून तिनं लांब हाक घातली. बऱ्याच वेळानं समोरून पत्र्याची होडी आली. वल्हं मारणारी बाई, म्हणजेच बयाआजी, सत्तरीची असेल. नऊवारीचा काचा मारलेला, दंडाच्या शिरा तटतटलेल्या. तिनं चैत्रालीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोन म्हनायची ही?"

"मैत्रीण हाय आजी. शाळंतली."

"पिशवीत काय?"

"खाऊ आहे आजी. तुमच्यासाठी बाकरवडी आणलीय."

"वही-बिही न्हाई ना?"

"नाही!" चैत्राली छाती काढून म्हणाली. खोटं नव्हतंच ते. वही नव्हती. पेन मात्र तिनं वेणीत खोचलं होतं, आणि थंडी असल्यामुळे अंगात लांब बाह्यांचा स्वेटर होता.

मग दिवे लागेपर्यंत ती उंबरटेकावर नुसती भिरभिरत होती. जे दिसेल ते विचारायचं, गोठ्यामागं जायचं, बाही वर सरकवायची आणि दंडावर लिहायचं. परीक्षेत असा उद्योग तिनं कधी केला नव्हता. आता भूगोलासाठी करत होती. घरं सात. माणसं एकोणचाळीस. म्हशी अकरा. शेरडं मोजायला गेली तर ती एका जागी उभीच राहीनात. उतारावर नाचणी. पहाटे दुधाच्या किटल्या होडीनं पलीकडे, तिथून टेम्पोनं डेअरीला. सगळ्यात खालचं घर रखमाजीकाकांचं, दारापासून पाणी आठ पावलांवर. मांजराच्या नव्हे, माणसाच्या पावलांनी आठ. तिनं दोनदा चालून पाहिलं.

आणि सरकार! त्यानं तर ती पार चक्रावली. वाट बुडते त्या दिवशी सगळी मोठी माणसं, बायासुद्धा, पाण्याकाठी बसतात आणि यंदा वल्हं कुणाच्या दारात ठेवायचं ते ठरवतात. ज्याच्या दारात वल्हं, त्याचा शब्द शिमग्यापर्यंत शेवटचा. कोण आधी जाणार, दूध आधी की आजारी माणूस, भांडण झालं तर कुणी गप्प बसायचं, सगळं तोच ठरवणार. गेली अकरा वर्षं वल्हं बयाबाईच्या दारात होतं.

"आजी, तुम्ही तर राष्ट्राध्यक्ष!"

"ते काय असतंय?"

"सगळ्यात मोठं माणूस. सगळे ऐकतात त्याचं."

"मग ते मी न्हाई. आमच्या सुना कुठं ऐकत्यात?" बयाबाई हसली. पुढ्यात ताकाचा तांब्या ठेवत म्हणाली, "पी. वाळून गेलीस नुसती. भोरात जेवाय घालत न्हाईत व्हय?"

ताक पिता पिता चैत्रालीनं विचारलंच. वहीचं काय आहे?

बयाबाईनं पाण्याकडं हात केला.

"माझ्या सासऱ्याच्या बापाच्या वेळची गोष्ट. एक मानूस आला. खानेसुमारी करतो म्हनला. बसला, दूध प्याला, समद्यांची नावं वहीत लिवली. म्हनला, कागदावर आलासा, आता जमीन मिळंल. दोन सालात पानी आलं. जमीन काय आली न्हाई. तवापास्नं वहीवाला काठावर कितीबी वरडू दे, होडी न्हाई सुटायची."

"पण मग आधार? रेशन?"

"ते समदं पल्याडच्या गावात. भावकीच्या घरच्या पत्त्यावर. हितं कोन न्हाई."

'हितं कोन न्हाई.' चैत्रालीनं गोठ्यामागं जाऊन मनगटावर उरलेल्या जागेत तेवढंही लिहून घेतलं. निघताना ती उत्साहानं म्हणाली, "आजी, सत्तावीस तारखेला शाळेत प्रदर्शन आहे. याच तुम्ही!" प्रांजलनं तिचा हात इतक्या जोरात दाबला, की दंडावरची म्हशींची संख्या पुसली गेली.

परतीच्या एसटीत प्रांजलनं तोंड खिडकीकडं फिरवलं. शेवटी म्हणाली, "नाव नको घालू चार्टावर."

"नावाशिवाय बेट कसं होईल?"

"तुला काय जातंय म्हनायला."

चैत्रालीनं नाव घातलं. सोनेरी चमकीनं घातलं. बयाआजी थोडीच येणार होती भोरला!

ती आली. सत्तावीस तारखेला, लुगड्याचा पदर डोईवर घट्ट घेऊन, प्रांजलच्या बोटाला धरून हॉलमध्ये आली. आणि थेट उंबरटेकच्या चार्टापुढं उभी राहिली. तिला अक्षरं येत नव्हती. पण कापसाच्या शेरडांवरून आणि पत्र्याच्या होडीवरून तिनं ओळखलं. तिचा चेहरा खुलला.

"आमची टेक गं! म्हशी लई बारीक काढल्यास पर."

चार्टावर चित्रं होती तशी अक्षरंही होती, आणि ती मोठ्यानं वाचणारं कुणीतरी येतच होतं. धरणाच्या कचेरीतले साहेब पाहुणे म्हणून आले होते. मॅडम त्यांना एकेक बेट दाखवत होत्या. मालदीव झालं, नाऊरू झालं, नाऊरू दुसऱ्या मुलीनं अगदीच कंटाळवाणं केलं होतं. आणि साहेब इथं थांबले.

"अरे वा! उंबरटेक," त्यांनी चष्मा वर सरकवला आणि घसा साफ करून मोठ्यानं वाचायला घेतलं. "घरं सात. लोक एकोणचाळीस. सरकार, श्रीमती बयाबाई ढेबे. सगळ्यात खालचे घर पाण्यापासून आठ पावले."

एकेका शब्दासरशी बयाबाईचा चेहरा उतरत गेला. तिनं चैत्रालीकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. आपण जिला ताक दिलं, तिच्याच हातून आपण लिहिले गेलो, एवढंच काय ते त्या नजरेत होतं. प्रांजल तर खाली फरशीकडं बघत होती.

"बाळ, ही माहिती कुठून आणलीस?" साहेबांनी विचारलं. "ही टेकडी मला माहीत आहे. तिथं कुणी राहत नाही."

चैत्रालीच्या हातात माईक होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला नकोसा झाला.

"काल्पनिक आहे, सर," ती म्हणाली.

मॅडमचे डोळे विस्फारले. "चैत्राली!"

"मी मनानंच रचलं, मॅडम. सगळं. माणसं पण."

आपण केवढं मोठं काम केलं असं तिला वाटलं. बक्षीस गेलं तर गेलं, पण टेक वाचली. साहेबांनी तर सुटकेचा श्वासच सोडला.

"वाटलंच मला! छान कल्पना आहे हं. खरं असतं तर मात्र आमची पंचाईत झाली असती." ते मॅडमकडं वळून सहज गप्पा मारल्यासारखे म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यापासून पाणी आणखी दोन मीटर अडवायचं ठरतंय ना. काठावरच्या सगळ्या वस्त्यांची यादी झालीय, त्यांना जागा, भरपाई, सगळं मिळेल. या टेकडीपुढं शून्य आहे. सोमवारी यादी वर जाईल."

शून्य.

चैत्रालीला आपलेच कान खोटं सांगताहेत असं वाटलं. दोन मीटर म्हणजे किती? तिनं स्वतःच्या डोक्यावरून वर हात नेला. तो हात तिथंच राहिला. रखमाजीकाकांचं दार त्याच्या खाली होतं. त्यावरचा गोठाही. सातातली पाच घरं तरी खाली होती. आणि त्यातल्या माणसांना आत्ता, या क्षणी, माईकवरून, तिनंच पुसून टाकलं होतं!

"सायेब," मागून आवाज आला. "पानी किती चढंल म्हनला?"

साहेबांनी वळून पाहिलं. "आजी, तुम्ही कोण?"

"मी व्हय?" बयाबाईनं पदर सावरला. "ह्या पोरीनं लिवलंय ते सरकार."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेब एकदा चार्टाकडं, एकदा बयाबाईकडं बघत राहिले.

"सर, मी खोटं बोलले," चैत्राली म्हणाली. माईक तसाच हातात होता, त्यामुळे तिचा फाटलेला आवाज साऱ्या हॉलमध्ये घुमला. "चार्टात नाही. आत्ता. चार्ट खरा आहे."

"चैत्राली, एक काहीतरी ठरव," मॅडम कळवळून म्हणाल्या. "असं केलंस तर मला प्रकल्प बाद करावा लागेल गं."

"करा मॅडम. बाद करा. पण आधी त्यांचं नाव लिहून घ्यायला सांगा!"

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "असं तोंडी कसं चालेल? इतक्या वर्षांत आमचे लोक तीनदा तिकडं गेले. तिन्ही वेळी वाट बुडालेली, म्हणून काठावर उभं राहून हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. माणूसच नाही म्हटल्यावर त्यांनी शून्य लिहिलं. त्यांची काय चूक?"

प्रांजल रडायला लागली. "आजी, आपुनच न्हाई पाठवली होडी."

त्या तिन्ही खेपांना वल्हं कुणाच्या दारात होतं ते विचारायची गरज नव्हती. बयाबाई सावकाश पुढं झाली, आणि साहेबांच्या खिशातून डोकावणाऱ्या डायरीकडं बोट करून म्हणाली, "आमी न्हाई म्हनून बसलो, तुमी न्हाई म्हनून लिवलं. आता हाय म्हनते. काढा ती."

"आजी, हे असं प्रदर्शनात..."

"सोमवारी कागूद जातोय म्हनला न्हवं? मग काय शिमग्यापत्तुर थांबू? काढा. म्या सांगते, तुमी लिवा. मग उद्या येऊन बघा, खोटं निघालं तर मला त्याच पान्यात बुडवा."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. पोरी, पालक, शिपाई, मॅडम, सगळे त्यांच्याकडंच बघत होते. त्यांनी डायरी काढली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं तसा बयाबाईचा हात प्रांजलच्या खांद्यावर घट्ट आवळला गेला. पण जीभ अडली नाही.

"रखमाजी बाबू ढेबे. वय लिवा, साठाच्या म्होरं. त्येची बायकू, सखूबाई. ल्योक गेनू. सून..."

एकेक नाव पडत गेलं. साहेब सुरुवातीला नाखुशीनं, मग पटापट, आणि नंतर "थांबा, थांबा, हा कुणाचा मुलगा?" असं विचारत लिहू लागले. मधे एकदा बयाबाई अडखळली, तेव्हा प्रांजलनं डोळे पुसले आणि पुढचं नाव सांगितलं. चैत्राली साहेबांच्या कोपराशी जाऊन उभी राहिली होती. तिला त्यांचं अक्षर अन् अक्षर दिसत होतं. पाणी थांबेल की नाही, जागा मिळेल की नाही, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. डायरीतलं पान साहेब गाडीत बसताच फाडून टाकतील की काय, याचीही तिला खात्री नव्हती.

शेवटचं नाव संपलं. साहेबांनी खाली रेघ मारली आणि लिहिलं: 'एकूण लोकसंख्या अंदाजे चाळीस.'

"सर," चैत्राली म्हणाली.

"आता काय?"

"अंदाजे खोडा."

साहेबांनी मान वर केली. चैत्राली हलली नाही. प्रांजल तिच्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि दोघींच्या मागं बयाबाई.

"एकोणचाळीस आहेत, सर," चैत्राली म्हणाली. "मी मोजलेत. तुम्ही पण आत्ताच लिहिलेत. हवं तर परत मोजा, आम्ही थांबतो."

साहेब पहिल्या नावावर बोट ठेवून मोजायला लागले.