कापलेला पूल

पूल गेल्याचं प्रभाकरला सौंसरच्या घरी सकाळचा चहा गाळताना कळलं. फोन पांढुर्ण्याच्या उर्वशीचा होता. सिनेमा तिचा, संगीत त्याचं. सिनेमा लांबला म्हणून संकलनात अगदी शेवटी कात्री लागली होती. बायकोची माती आटोपून म्हातारा सावरगावकडून जाम नदीचा पूल ओलांडून घरी येतो, तो सगळा भाग उडाला. आता म्हातारा थेट दारात.

पुलावरचं संगीत नागपूरला व्हायोलिन, चेलो, बासरीवाले बसवून कधीच मुद्रित झालं होतं. वादकांना पुन्हा बोलावणं शक्य नव्हतं. प्रभाकरनं नव्या चित्रावर ते लावून पाहिलं. सगळा वाद्यवृंद कळसाला पोचला, आणि पडद्यावर म्हातारा चपला काढत होता.

बायको, करुणा, गेल्यावर त्यानं रचलेलं हे पहिलंच काम. तो पूल तिच्यासाठी होता. त्यानं उर्वशीला सांगितलं, माझं नाव काढून टाक.

"नाव कसं काढू सर?" ती म्हणाली. "तुमच्या संगीताशिवाय तो म्हातारा नुसता दारात येऊन राहिला. घरी येऊन नाही राहिला."

दुपारी तो पुन्हा ऐकायला बसला. करुणाची एक खोड होती. नवी चाल वाजत असताना ती मध्येच उठायची. "दूध पाहून येतो," म्हणायची. गॅस पेटलेलाच नसायचा. प्रभाकर चिडायचा, दिवसभर बोलायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी चाल बरोबर ती उठली होती तिथंच संपवायचा.

व्हायोलिनं दुसऱ्यांदा चढू लागली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता. कशाला आलो, ते त्याला आठवेना. गॅस बंद होता. दूध फ्रिजमध्ये होतं. मग मात्र तो एकटाच हसला.

परत येऊन त्यानं ती चढण काढली, कळस काढला. एकटा चेलो ठेवला. म्हातारा चपला काढतो तिथं तोही थांबतो. पुढं नुसतं घर.

संध्याकाळी उर्वशीनं ते पाहिलं. लगेच फोन केला.

"सर," ती म्हणाली, "आता आला हा घरी."

मुद्रणाच्या वेळी चेलोच्या माइकमध्ये शेजारच्या व्हायोलिनचा एक सूर शिरला आहे. चेलो थांबल्यावर तो बारीक ऐकू येतो. तो काढायचा अजून राहिला आहे.