आमच्या गावची लाडकी बाग

आमच्या विदरिंग गावात जूनमधल्या एका रविवारी सगळे जण आपापल्या बागांची फाटकं उघडी टाकतात. बाहेरगावचे लोक येतात, दुसऱ्याच्या गुलाबांना नावं ठेवतात, चर्चच्या गळक्या छपरासाठी केक विकत घेतात आणि खूश होऊन घरी जातात. यंदा त्याचं माहितीपत्रक प्रुडन्स हॅडो यांनी लिहिलं. गावातल्या प्रत्येक समितीच्या अध्यक्ष याच बाई असतात, कारण त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

माझा शेजारी ऑब्री टॉली ते पत्रक हातात घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. बस म्हटलं तरी बसला नाही. त्याने वाचून दाखवलं, "'मिस्टर टॉली यांची बाग. गावाची लाडकी, तऱ्हेवाईक बाग. चुकवू नका.' लेन, ही स्तुती आहे की शिवी?"

"स्तुतीच की रे. तऱ्हेवाईक म्हटलं म्हणजे माणूस गावाने आपला मानला. मी इथेच जन्मलो, मला अजून कुणी म्हटलेलं नाही."

"तुझ्या बागेबद्दल काय लिहिलंय?"

"'नीटनेटकी.'"

"मग आपण अदलाबदल करू."

मी चहा ठेवला. अशा वेळी आम्हा इंग्रज लोकांना दुसरं काही सुचत नाही.

खरं सांगायचं तर त्याची बाग होतीच तशी. घरमालकाने भाडेकरूचं सामान बाहेर फेकावं, तसं सगळं अंगणात. विटांवर चढवलेले न्हाणीघरातले टब आणि त्यांत मटार. जुन्या कपाटाचे खण ओढून ठेवलेले आणि त्यांत मुळे. पायवाटांवर जमिनीत बसवलेले घरांचे जुने दरवाजे. पबमध्ये यावर बरीच वर्षं तर्क चालले. कुणी म्हणे तो पूर्वी बोटीवर होता, कुणी म्हणे कुठल्या प्लंबरशी लावलेल्या पैजेचा हा परिणाम. त्याला मात्र कुणी विचारलं नाही. माणूस आपणहून सांगत नाही ते विचारणं आमच्याकडे आगाऊपणाचं समजतात.

"सोमवारी सगळं मोडून टाकतो," ऑब्री म्हणाला. "हिरवळ लावतो, तुझ्यासारखी. मग हसायचे थांबतील."

"अरे, हसत नाहीत. कौतुक करतात."

"कौतुक करणारा माणूस बघायला थांबतो, लेन. हे लोक फोटो काढतात आणि पुढे जातात."

त्याचा आवाज ऐकून मी चेष्टा आवरती घेतली. तो खरोखरच मोडणार होता, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

रविवारी ऊन पडलं, म्हणजे आम्हाला तक्रारीला जागा उरली नाही. प्रुडन्सबाई ऑब्रीच्या फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्याला सांगत होत्या, "आत या, आमचा ऑब्री म्हणजे एक वल्ली आहे." लोक आत जात, टबाशेजारी उभं राहून फोटो काढून घेत आणि बाहेर पडत. ऑब्री खुरपं हातात धरून कोपऱ्यात उभा होता.

दुपारी चाकांच्या खुर्चीतून एक बाई आली. तिची बहीण खुर्ची ढकलत होती. प्रुडन्सबाईंच्या बागेत तिला पायऱ्यांच्या पायथ्याशीच केकची बशी देऊन बसवून ठेवलं होतं. माझ्याकडे तिची चाकं खडीत रुतली, तेव्हा मी तिला म्हणालो होतो की देखावा फाटकातूनच जास्त छान दिसतो.

ऑब्रीच्या फाटकातून आत आल्यावर ती बहिणीला म्हणाली, "सोड." दरवाजांवरून खुर्ची सुरळीत चालली. टबाखाली तिचे गुडघे बरोबर मावले. तिने दोन्ही हात मातीत घातले, थोडं तण उपटलं, मग न विचारता मटाराची शेंग तोडून खाल्ली.

"हे कुणासाठी केलंत?" तिने विचारलं.

प्रुडन्सबाई ऑब्रीची सुटका करायला पुढे झाल्या. "अहो, याचं सगळंच जरा..."

"हेस्टरसाठी," ऑब्री म्हणाला. "माझी बायको. हॉस्पिटलमधून ती इथेच यायची होती, अशाच खुर्चीतून. म्हणून तर सपाट जागा बघून घर घेतलं. हिवाळाभर खपून मी हे उभं केलं. त्याच मार्चमध्ये ती गेली. तिने हे पाहिलंच नाही."

खुर्चीतल्या बाईने टबातल्या मटाराकडे बोट केलं.

"मटार आवडायचे तिला?"

"छे. मटारावरून भांडायची माझ्याशी. मुळे आवडायचे."

"मग मुळे दाखवा."

आणि ऑब्री बोलत सुटला. हेस्टर कशी हसायची, बी पेरताना कशी शिव्या द्यायची, माळीकामाच्या पुस्तकांवर तिचा कसा राग होता. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. मला स्वतःची शरम वाटली. जाताना त्याने त्या बाईच्या मांडीवर मुळ्यांची जुडी ठेवली आणि म्हणाला, "ऑगस्टमध्ये या. घेवडा तेव्हा चांगला असतो."

खुर्ची वळणाआड गेली. प्रुडन्सबाई अजून फाटकापाशीच होत्या, चेहरा लाल झालेला. "ऑब्री," त्या म्हणाल्या, "आम्हाला कल्पना असती तर... आम्ही कधी विचारलंच नाही हो."

"नाही विचारलंत," ऑब्री हातांची माती झटकत म्हणाला. "तुम्ही सगळे फार सभ्य आहात."