जाड भिंतीची खिडकी

विस्कॉन्सिनच्या त्या गावात ओंडक्यांच्या घरात राहायचं म्हणजे कालपरवाच मायदेश सोडून बोटीतून उतरल्यासारखं. आन्फिन स्कारला ते फार लागायचं. पण घर पाडायचा धीर होईना. त्याच्या बापानं, टोलेफनं, एकट्यानं कुऱ्हाडीनं तासून उभं केलेलं ते. मग गावात बाकीचे करायचे तेच त्यानं केलं. ओंडक्यांवर बाहेरून कापीव फळ्या ठोकल्या, आतून गिलावा दिला, बाजूला नव्या धर्तीचा, हलक्या लाकडी चौकटीचा दुमजली भाग जोडला आणि सगळ्याला पांढरा रंग फासला. लांबून बघाल तर अख्खं घर कोरं करकरीत.

पोरीचं, सिग्नेचं, लग्न वखारवाल्याच्या मुलाशी ठरत आलं होतं. रविवारी मुलाची आई, मिसेस व्हिटकोम्ब, कॉफीला आली. बाई बोलायला गोड, पण नवऱ्याच्या वखारीत राहून लाकूड ओळखणारी. बैठकीत शिरली, सरळ खिडकीशी गेली, खिडकीच्या फळीवर कप ठेवला, तर कपामागं हातभर फळी उरली. नव्या घरांच्या खिडक्यांना वीतभरही फळी नसते.

"एवढी जाड भिंत?" बाई म्हणाली. "आत जुनं काही दडवलंय की काय?"

म्हातारा टोलेफ तिथंच कोपऱ्यात बसलेला.

"छे हो. थंडीसाठी दुहेरी करून घेतली. सगळं मीच बांधलंय, पायापासून."

सिग्नेनं मान खाली घातली. बाईनं म्हाताऱ्याला विचारलं, आजोबा, तुम्हीपण हात लावला असेल की थोडाफार?

टोलेफनं मुलाकडं एकदाच पाहिलं. "मी कुठला लावतो, बाई. मी आपला आयत्या घरात राहतोय."

मग बशीतली लेफ्सेची पातळ पोळी उचलून तो स्वयंपाकघरात गेला. आन्फिनचे कान तापले. कॉफी आणतो म्हणून तोही मागं गेला. म्हातारा चुलीशी उभ्यानंच खात होता.

"बा, मी आत जाऊन खरं काय ते सांगतो."

"आता सांगून पोरीचा बाप खोटारडा ठरव," टोलेफ हळूच म्हणाला. "मघाशी जीभ रेटली ना? मग आता निभाव. कॉफी ने, निवतीय."

आन्फिननं किटली उचलली. बैठकीत बाई अजून त्या फळीवरनं हात फिरवत होती. म्हणाली, खरंच ऊब आहे हो इथं, सिग्ने नि आमच्या पोराच्या घरालाही तुम्ही स्वतः अशीच भिंत करून द्यायची, जमेल ना?

आन्फिननं जन्मात एक ओंडका तासला नव्हता. आणि मधलं दार सताड उघडं होतं, पलीकडं चुलीशी बा ऐकत होता.

"जमेल की," तो म्हणाला.